सेल चवथीचा आणि गिऱ्हाईक दिवाळीची वाट बघतंय: म्हापशातल्या एका दुकानाचं प्रकरण

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार, सकाळचे साडेदहा. दुकानाचं एक शटर वर, एक अजून खाली, बाहेर पाऊस. थिवीच्या एक काकी छत्री झाडत आत आल्या, टोकनची पावती काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "हे पयशे परत दी बाबा. टीवी दिवाळेक सवाय जातलो न्हय?" (दिवाळीला स्वस्त होणार ना?) चार दिवसांपूर्वीच त्यांनी ४३ इंची टीव्ही बुक केला होता, दोन हजार टोकन देऊन. दुकानाचा मालक दादा म्हणाला, काकी, चवथीला (गणेश चतुर्थीला) वीस माणसं येणार घरात, टीव्ही नको? तर काकी म्हणाल्या, "आसा तो चलता." (आहे तो चालतो.)

मी मागच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. म्हापशातल्या पाच-सहा दुकानांचे जीएसटी रिटर्न मी भरतो, त्यातलं हे एक. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, मिक्सर, पंखे, थोडे एसी. आबांनी रेडिओ आणि मिक्सर विकत सुरू केलेलं दुकान, आता दादा आणि वहिनी चालवतात, आणि दुकानातली पोरं दादाला अजून पात्रांव (मालक) म्हणतात. नाव लिहीत नाही, बाजारातल्यांना कळेलच. दादाला विचारूनच लिहितोय, त्याची एकच अट होती की त्याने केलेल्या चुका लिहिल्या तर माझ्यापण लिहायच्या. म्हणून दोन्ही लिहितोय.

आधी २०२४ चं सांगतो कारण सगळं तिथून सुरू झालं. त्या वर्षी चवथ ७ सप्टेंबरला, शनिवारी आली. दादाने सेल लावला १ ते ६ सप्टेंबर. हिशोब सरळ होता की पगार एक तारखेला होतो, चवथ सातला, मधले सहा दिवस म्हणजे लोकांच्या हातात पैसे आणि डोक्यात खरेदी. पेपरात पत्रकं टाकली, दुकानासमोर झिरमिळ्या लावल्या, फ्रिजवर सरसकट सूट. त्या सहा दिवसांत फ्रिज गेले चार. आणि त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत, काहीही सूट नसताना, तेरा गेले होते! म्हणजे ज्यांना घ्यायचं होतं ते आधीच पूर्ण किमतीत घेऊन गेले, मग आम्ही झिरमिळ्या लावल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यातून वाईट म्हणजे आधी घेतलेल्यांपैकी दोघं पत्रक हातात घेऊन भांडायला आले, आणि त्यांचं चूक होतं असं मला तरी वाटत नाही.

शेवटचा दिवस तर विचारू नका. ६ सप्टेंबर शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजाराचा दिवस आणि चवथीची आदली संध्याकाळ एकत्र. ज्यांनी ती गर्दी बघितलेली नाही त्यांना सांगून कळणार नाही, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून करतात त्या मांडवाचं) सामान घेऊन पेडण्या-डिचोलीपर्यंतची माणसं रस्त्यावर उतरलेली असतात, सुपारीचे घोस, कांगलां, तोरिंगं, केळ्यांचे घड, आणि त्यात आमचा पिकअप दोन फ्रिज घेऊन अडकलेला. रात्री नऊनंतर तो बाजारातून बाहेर पडला. एका घरी पोरांनी रात्री अकराला फ्रिज उतरवला, बाहेरच्या खोलीत गणपतीची आरास चाललेली, फ्रिज ठेवायला जागा नाही, मग तो तसाच खोक्यात दीड दिवस पडवीत.

त्यानंतर वहिनीने एक गोष्ट केली जी मला या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तिने एक साधी दोनशे पानी वही घेतली आणि काउंटरवर ठेवली. जो कोणी येऊन किंमत विचारेल त्याची एक ओळ. काय विचारलं, कुठल्या गावचा, कुठल्या दिवशी, आणि नंतर तोच माणूस घ्यायला आला तर कधी. नाव-फोन काही नाही, "हळदोणे, दोन मुली बरोबर, डबल डोअर" अशी ओळखीची खूण फक्त. दादा हसायचा. मीपण हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

दहा महिन्यांत वहीतून जे निघालं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, वीस वर्षं धंदा करून दादालापण नाही. पहिलं म्हणजे शुक्रवारी दुकान भरलेलं असतं पण शुक्रवारी विक्री होत नाही. शुक्रवारी बाई बाजाराला येते, मिरच्या घेते, मडकी घेते, केळी घेते, दोन्ही हातात पिशव्या असतात, ती फक्त विचारून जाते. मग रविवारी नवरा, मुलगा, कधी सासू, असे सगळे येतात आणि घेतात. नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी. फ्रिजचं विचारण्यापासून घेण्यापर्यंत साधारण बारा दिवस जातात, वॉशिंग मशीनचं जवळपास तेवढंच, टीव्हीचं आठवडाभर, मिक्सर आणि गॅसची शेगडी त्याच दिवशी, आणि लायटिंगच्या माळा तर गणपती घरात आल्यावरपण मुलं धावत येऊन घेऊन जातात. म्हणजे "चवथीचा सेल" असा एक सेल असूच शकत नाही, प्रत्येक वस्तूची चवथ वेगळ्या तारखेला असते. फ्रिजची चवथ चवथीच्या तीन आठवडे आधी, घराला रंग काढायचा चालू असतो तेव्हा. मिक्सरची चवथ आदल्या दिवशी, कारण नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण करायला घेतल्यावरच कळतं की जुन्याचं भांडं गळतंय.

मग २०२५ चा प्लॅन आम्ही तिघांनी बसून केला. कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर घेतलं. चवथ २७ ऑगस्ट, बुधवार. ह्यात एक अडचण होती जी २०२४ ला नव्हती. चवथ महिन्याच्या शेवटी, म्हणजे पगाराच्या आधी. ऑगस्टचा पगार चवथ संपल्यावर येणार, तेव्हा जे काही मोठं घ्यायचं ते जुलैच्या पगारातून, जो एक ऑगस्टला हातात पडणार. आणि १ ऑगस्ट होता शुक्रवार! पगार आणि बाजार एकाच दिवशी. म्हणून फ्रिज आणि वॉशिंग मशीनची ऑफर १ ते १७ ऑगस्ट ठेवली, म्हणजे तीन शुक्रवार आणि तीन रविवार त्यात बसले, बाईने दुसऱ्या शुक्रवारी विचारलं तरी घरच्यांना घेऊन यायला दोन रविवार शिल्लक. टीव्ही १५ ते २४. छोट्या वस्तूंवर सूट नाहीच, कारण मिक्सर बंद पडलेली बाई शंभर रुपयांसाठी थांबत नाही. आणि मोठ्या वस्तूंची डिलिव्हरी २४ ऑगस्टला, रविवारी बंद, बोर्डावर लाल अक्षरात लिहून. दादाला हे शेवटचं पटत नव्हतं, "आलेलं गिऱ्हाईक परत कसं पाठवू," पण खोक्यातला फ्रिज त्याला आठवला असावा.

पहिले चौदा दिवस एकदम छान. सोळा फ्रिज. वहिनी वहीवर हात ठेवून दादाकडे बघायची, बोलायची काही नाही.

मग १५ ऑगस्ट. सकाळी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान बोलले की जीएसटीत मोठे बदल करणार, दिवाळीपर्यंत लोकांना भेट. दुपारपर्यंत बातम्या आल्या की बारा आणि अठ्ठावीसचे टप्पे जाणार, पाच आणि अठराच राहणार. घरोघरी सुट्टी, सगळे टीव्हीसमोर, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं की दिवाळीला सगळं दहा टक्क्यांनी स्वस्त. बारा दिवसांवर चवथ. दुसऱ्या दिवशी थिवीच्या काकी आल्या त्या अशा.

त्या दिवशी दुपारपर्यंत तीन जणांनी टोकन परत मागितलं, त्यातला एक वॉशिंग मशीनवाला. दादाचा चेहरा पडला. म्हणाला सगळ्यावर आणखी पाच टक्के सोडतो, स्टॉक तर निघेल. मी म्हटलं थांब, आधी बघू नक्की काय स्वस्त होणार आहे. आणि मागच्या एका कोऱ्या चलनावर लिहून काढलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री हे २७ जुलै २०१८ पासून अठरा टक्क्यातच आहेत, तेव्हाच ते अठ्ठावीसवरून खाली आले होते. ३२ इंचापर्यंतचा टीव्हीपण अठरात. अठ्ठावीसमध्ये राहिले फक्त ३२ इंचाच्या वरचे टीव्ही, एसी आणि डिशवॉशर, ज्यातला डिशवॉशर आमच्याकडे एकच होता आणि तो दोन वर्षं शोपीस होता. म्हणजे दुकानातला बहुतेक माल असा की त्याला त्या घोषणेने काहीच होणार नव्हतं, पण लोक मात्र सगळ्यासाठीच थांबले होते. गिऱ्हाईक किमतीसाठी थांबतं तेव्हा सूट देऊन बघता येतं, पण माहिती नाही म्हणून थांबलं असेल तर सूट दिल्यावर त्याला उलट वाटतं की अरे खरंच काहीतरी आहे, अजून उतरेल.

मग आम्ही सूट न वाढवता बोर्ड बदलला. मी मजकूर लिहिला, पोरांनी रंगवला: "फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर: यांचा जीएसटी २०१८ पासून १८ टक्केच आहे. दिवाळीला कमी झाला तर फरक आमच्याकडून परत." दुसरी ओळ दादाची. मला भीती वाटली. दादा म्हणाला, तुझा तुझ्या हिशोबावर विश्वास आहे ना, मग? आणि लगेच त्यानेच विचारलं, "पण अठराचं पाच झालं तर?" आता हे त्या दिवशी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. म्हणून हिशोब केला. २३,६०० चा फ्रिज म्हणजे मूळ किंमत २०,००० आणि त्यावर ३,६०० कर. पाच टक्के झाला तर २१,००० ला पडेल, फरक २,६००. पहिल्या वीस बिलांनाच ही चिठ्ठी द्यायची, म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तर ५२,००० पदरचे जातील. तेवढं सोसण्यासारखं होतं. बिलाच्या मागे हाताने लिहून शिक्का मारून द्यायचं ठरलं, फरक पुढच्या खरेदीत वळता करून.

मोठ्या टीव्हीचं मात्र असं करता येत नव्हतं. ३२,००० चा टीव्ही म्हणजे २५,००० अधिक सात हजार कर, अठरा टक्के झाले तर २९,५००, फरक अडीच हजार. आज बिल फाडलं की सात हजार सरकारकडे जमा, नंतर दर उतरला म्हणून ते परत येत नाहीत, अडीच हजार खिशातून. आणि इथे दर उतरणार हे जवळपास नक्की होतं. टीव्हीत दुकानदाराला सुटतं किती हे ज्याला धंदा माहीत आहे त्याला सांगायला नको.

इथे काकींनी नकळत रस्ता दाखवला. "आसा तो चलता." म्हणजे टीव्ही हवाय, पण नवाच पाहिजे असं नाही. वहिनी म्हणाली, डेमोचे चार टीव्ही भिंतीवर आहेत, ते देऊ या ना चवथीपुरते. मग असं ठरलं: टोकन आमच्याकडे राहू दे, आत्ता बिल नाही, ज्या दिवशी नवा दर लागू होईल त्या दिवशी नव्या दराने बिल आणि नवा टीव्ही, तोपर्यंत डेमोचा टीव्ही घरी वापरा, भाडं नाही. कायद्यात ह्याला अडचण नाही हे मी आधी बघून घेतलं. मालाच्या ॲडव्हान्सवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी भरावा लागत नाही, आणि दर बदलल्यानंतर माल दिला आणि बिलपण नंतरच केलं तर पैसे आधी आले असले तरी नवाच दर लागतो. उलट बिल आणि पैसे दोन्ही आधी झाले तर जुना दर, माल नंतर दिला तरी. ह्यात बरेच दुकानदार फसले, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून आधीच बिल करून ठेवलं आणि मग वाद. डेमोचे पीस डिलिव्हरी चलन करून दिले, तेवढी शिस्त ठेवली.

एकूण नऊ टोकन होते. दोघं ऐकेनात, त्यांचे पैसे हसतमुखाने परत दिले. सात राहिले, त्यातले चौघं डेमो घेऊन गेले. काकींच्या घरचा डेमो परत आला तो रिमोटशिवाय. तो मखराच्या सामानाबरोबर माळ्यावर गेला होता, नवरात्रात सापडला.

फ्रिजचं सांगायचं तर १५ ते १८ ऑगस्ट एक गेला. बोर्ड लागल्यावर २४ पर्यंत बारा. म्हणजे महिन्यात २९, आणि २०२४ ला चवथीच्या आधीच्या महिन्यात २२ गेले होते. सगळं श्रेय आमच्या हुशारीला देणार नाही, बाजारातलं एक दुकान त्या वर्षी बंद होतं, त्यातले काही आमच्याकडे आले असणार. पण २४ तारखेला डिलिव्हरी बंद केली आणि २६ ला संध्याकाळी दादा चक्क स्वतः माटोळीचं सामान आणायला बाजारात गेला, हे वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं.

आता माझी चूक. माझ्या डोक्यात "दिवाळी" बसलं होतं. दिवाळी २० ऑक्टोबरला, तोपर्यंत वेळ आहे असं धरून मी दादाला सांगितलं की सप्टेंबरचा टीव्हीचा स्टॉक नेहमीसारखा मागव. त्याने २८ ऑगस्टला ऑर्डर टाकली, माल एक तारखेला आला, अठ्ठावीस टक्के भरून. दोन दिवसांनी, ३ सप्टेंबरला, जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर जाहीर झाले. बैठकीची तारीख आधीच जाहीर झालेली होती, मी ती वाचलीपण होती, चार दिवस थांब म्हणायला काय झालं होतं? भरलेला कर बुडाला नाही, क्रेडिट म्हणून (म्हणजे पुढच्या विक्रीच्या करातून वळता करायला) खात्यात राहिला, पण अठ्ठावीसने घेतलं आणि अठराने विकलं की वरचं क्रेडिट पडून राहतं, फक्त दर बदलला म्हणून त्याचा रिफंड मिळत नाही. ते बाकीच्या विक्रीवर वळतं होत होत डिसेंबरपर्यंत संपलं. तोवर दादाचा पैसा अडकला, आणि सणासुदीत अडकलेला पैसा म्हणजे काय ते दुकानदारालाच विचारा.

आणि त्यात ८ ते २१ सप्टेंबर म्हाळाचे दिवस. नवीन काही कोणी घेत नाही, विचारायलासुद्धा येत नाहीत. त्यामुळे झालं असं की ३ तारखेनंतर लोक थांबले ते आधीपण थांबणारच होते, सरकारने घटस्थापनेचाच मुहूर्त धरला म्हणायचा. ह्या दिवसांत काही दुकानांनी "जुन्या दरात नवा दर" असे बोर्ड लावून स्वतःच्या खिशातून दहा टक्के सोडले, पण पितृपक्षात स्वस्त देऊन घेणार कोण. आम्ही त्या दिवसांत फक्त जुन्या मालावर नव्या एमआरपीचे स्टिकर लावले आणि टोकनवाल्या सातजणांना फोन केले.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना. सकाळी नऊला दुकानासमोर माणसं. इथे दादाची चूक. त्या दिवशी टीव्ही आणि एसी आपोआपच साडेसात-आठ टक्क्यांनी उतरलेले होते, एसीचं बघा, ३८,४०० चा ३५,४०० झाला, तीन हजार कमी, आपला एक रुपया न घालवता. सरकारनेच सेल लावून दिला होता, त्याची जाहिरातपण देशभर फुकटात झालेली. पण दादाला ऑनलाइनवाल्यांची भीती, ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टचे मोठे सेल २३ ला सुरू होणार होते. म्हणून त्याने वरून स्वतःचे पाच टक्के जोडले, दोन दिवस. गर्दी झाली, माल गेला, आणि संध्याकाळी वहिनीने वही बघून सांगितलं की आज घेतलेल्यांपैकी बहुतेकांची ओळख आधीपासून वहीत आहे. म्हणजे ते ऑगस्टपासूनच ठरवून बसले होते, दर उतरायची वाट बघत होते, त्यांना पाच टक्के द्यायची गरजच नव्हती. जे ऑनलाइनकडे जाणार होते ते ५ टक्क्यांत थांबले नाहीत, टोकनवाल्यांपैकीच एकाने मोबाइलवर तोच टीव्ही आणखी स्वस्त दाखवला आणि गेला. सहा जणांनी बिल केलं, काकी पहिल्या.

ऑनलाइनशी किमतीत भांडायचं नाही हे तिसऱ्या दिवशी ठरलं. त्यापेक्षा जुना टीव्ही घेऊन जाणं, भिंतीला ब्रॅकेट मारून देणं, संध्याकाळपर्यंत घरात चालू करून देणं, हे बोर्डावर लिहिलं. थोडं चाललं, फार नाही.

दिवाळीबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कंपन्यांचे लोक मुंबईतून प्लॅन घेऊन येतात, त्यात सगळ्यात मोठी स्कीम, सगळ्यात जास्त पैसे दिवाळीला. गोव्यात हिंदू घरांचा मोठा खर्च चवथीला होतो, दिवाळी म्हणजे पोहे आणि नरकासुराचे पुतळे. १८ ऑक्टोबरला धनत्रयोदशी, शनिवार, तेव्हा बरं चाललं, पण १९ ला संध्याकाळनंतर अर्धी तरुण पोरं नरकासुराच्या मागे, पहाटे जाळेपर्यंत रस्ते अडलेले, आमची स्वतःची दोन पोरं सुट्टीवर. म्हणून आता कंपनीच्या माणसाला जूनमध्येच सांगायचं असं ठरलंय की दिवाळीच्या स्कीमचा निम्मा भाग आम्हाला ऑगस्टमध्ये दे. यंदा तो नाही म्हणाला. ओणमसाठी केरळात ऑगस्टमध्ये देता ना, मग चवथीने काय घोडं मारलंय, असं दादाने विचारलं तेव्हा वर विचारून सांगतो म्हणाला.

ऑक्टोबरात एक भाग मात्र आम्ही पूर्वी धरलाच नव्हता, गेस्ट हाउसवाले. पर्यटनाचा सीझन सुरू व्हायच्या आधी कळंगुट, शिवोली, हणजूण भागातले लोक एसी आणि छोटे फ्रिज घेतात. २२ सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या रूमवर पाच टक्के कर झाला पण क्रेडिट बंद, म्हणजे एसीवरचा कर आता त्यांच्या खर्चातच पडतो, त्यामुळे ते पूर्वीपेक्षा जास्त घासाघीस करतात. त्यांना सेलचं काही पडलेलं नसतं, पंधरा ऑक्टोबरच्या आत बसवून देतोस का एवढंच विचारतात. दादाचे उरलेले अकरा एसी तिथेच गेले.

नाताळचं वहीने अजूनच उलटं दाखवलं. आम्ही दरवर्षी २० ते २४ डिसेंबर "ख्रिसमस सेल" लावायचो, त्यात ओव्हन मुख्य. आता विचार करा, केक आणि बेबिंक करायला ओव्हन लागतो तो वीस डिसेंबरला घेऊन काय उपयोग, कुस्वार (नाताळचा फराळ) तर आधीच चालू झालेला असतो. वहीत ओव्हनच्या चौकशा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, आणि ३ डिसेंबरच्या गोंयच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्तानंतर जवळजवळ बंद. म्हणून ओव्हनचं टेबल १५ नोव्हेंबरला पुढे आणलं, त्यावर सूट न देता केकचे दोन टिन दिले. टिन वेगळे फुकट न दाखवता ओव्हनबरोबर एकाच किमतीत बिलावर लिहिले, नाहीतर फुकट भेटवस्तूवरचं क्रेडिट जातं. २० ते २४ च्या जागी मोठे टीव्ही ठेवले, कारण बोटीवरचे आणि गल्फमधले लोक त्याच आठवड्यात घरी येतात आणि आईला काहीतरी घेऊन द्यायचं असतं. ही माणसं बारा दिवस विचार करत नाहीत, एकदाच येतात, तिथल्या तिथे घेतात. २६ नंतर काहीच नाही. म्हापशाहून कळंगुटला जायला पिकअपला दीड तास लागतो तेव्हा सेल लावून माल पोचवणार कसा.

आता २०२६ चं कालनिर्णय टेबलावर आहे. चवथ १४ सप्टेंबर, सोमवार, म्हणजे पगाराच्या नंतर, त्यामुळे सगळं पुन्हा बदलणार. यंदा ज्येष्ठ अधिक आलाय, १७ मे ते १५ जून लग्नं नाहीत, तेव्हा लग्नाच्या फ्रिज-मशीनचं जे काही ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवं, आणि नेमकं तेव्हाच लोकांचे पैसे पुरुमेंतात (पावसाळ्याच्या बेगमीत) जातात, मिरच्या, कोकम, सुकी मासळी. दिवाळी ८ नोव्हेंबरला म्हणजे ओव्हनच्या टेबलाला एकच आठवडा आधी, दोन्ही जाहिराती एकमेकांवर येणार. दादाचं म्हणणं दिवाळीचा सेलच नको. मला ते पटतं, वहिनीला नाही.

परवा संध्याकाळी मी रिटर्नची फाइल घ्यायला गेलो तेव्हा थिवीच्या काकी बसल्या होत्या. रिमोटचा विषय निघाला, हसून झालं. मग त्यांनी डबल डोअर फ्रिजची किंमत विचारली, दार दोनदा उघडून बघितलं, आतली भाजीची टोपली बाहेर काढून परत बसवली. वहिनीने नवी वही उघडली, थिवी लिहिलं, आणि विचारलं कधीला पाहिजे. "चवथीक," काकी म्हणाल्या, "पूण आतां सांग, चवथीक सवाय जातलो काय ना?" दादा माझ्याकडे बघायला लागला.